तारे बघणाऱ्याला मराठीत म्हणायचं काय?

गच्चीवाली:
मंडळी, एक शब्द हवा आहे.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. सोसायटीतले सहा-सात जण, त्यात दोन शाळकरी मुलं, गेल्या थंडीपासून महिन्यातून एकदा गच्चीवर तारे बघायला बसतो. एक छोटी दुर्बीण, दोन चटया आणि थर्मासभर चहा. यंदा इतरांनीही यावं म्हणून नोटीस बोर्डावर कागद लावायचं ठरलं. लेकीने छान अक्षरात लिहिलं, 'ज्योतिर्विद गट, शनिवारी रात्री ८.३०, गच्ची'. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाची पत्रिका घेऊन दारात उभ्या. दोन वर्षं झाली, कुठे जमत नाहीये, जरा बघतेस का म्हणाल्या. त्यांना बसवलं, चहा दिला आणि आम्ही ते ज्योतिष नाही हो बघत, असं सांगितलं. त्या हसून गेल्या, पण त्यांना उगाच आशेला लावलं हे मला दिवसभर लागून राहिलं.

कागद काढलाय. नवा लिहायचाय आणि गाडी शब्दावर अडलीय. नुसतं आवडीने तारे बघणाऱ्या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणतात? तुमच्या घरी, गावी काय म्हणायचे?

पाचपाखाडीकर:
खगोलप्रेमी. वर्तमानपत्रात हाच शब्द असतो. 'ग्रहण पाहण्यासाठी खगोलप्रेमींची गर्दी'. झालं काम.

शब्दखोर:
खगोलप्रेमी ग्रहणापुरता बरा आहे. पण त्यात बघणं कुठे आहे? घरी बसून कृष्णविवरांवरची पुस्तकं वाचणाराही खगोलप्रेमीच. ताईंना बघणारा माणूस हवाय.

अनघा_ऐरोली:
'आकाशदर्शन' हा शब्द आपल्याकडे पक्का रुजलाय. आकाशदर्शनाचा कार्यक्रम म्हटलं की शहराच्या दिव्यांपासून दूर वांगणी किंवा नेरळची रात्र, स्वेटर आणि पहाटेचे पोहे डोळ्यांपुढे येतात. क्रियेला नाव आहे, करणाऱ्याला नाही. देवळातही तसंच. दर्शन घेणाऱ्याला आपण 'दर्शनाला आलेले' एवढंच म्हणतो.

सुहास_कळवा:
मग आकाशदर्शक म्हणा की.

शब्दखोर:
नको. मराठीत 'दर्शक' शेवटी लागला की बहुधा दाखवणारा होतो. दिशादर्शक, मार्गदर्शक, सूक्ष्मदर्शक. आकाशदर्शक म्हणजे ताईंची दुर्बीण, ताई नव्हेत. बघणारा हवा असेल तर 'दर्शी'. दूरदर्शी, समदर्शी. त्या हिशेबाने तारादर्शी किंवा नक्षत्रदर्शी चालेल.

आणि याला फार जुना आधार आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या धंद्यांच्या माणसांची लांबलचक यादी आहे. प्रत्येकाला कशाशी तरी जोडलंय. त्यात 'प्रज्ञानाय नक्षत्रदर्शम्' असं येतं. नक्षत्रं पाहणारा तो प्रज्ञानासाठी. त्याच्या आधीच वैद्य आहे, 'पवित्राय भिषजम्'. त्याच यादीत पुढे 'गणक' वेगळा येतो. म्हणजे पाहणारा आणि मोजणारा असे दोन शब्द तेव्हाही होते. मला हे वाचून फार आनंद झाला होता. ताई, तुमच्या गटासाठी इतक्या जुन्या काळापासून एक शब्द राखून ठेवलाय.

मृगशीर्ष:
शब्दखोर, प्रतिसाद आवडला, पण पुढची गोष्टही सांगा. त्याच माणसाचं नंतर काय झालं?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची यादी आहे, त्यात 'नक्षत्रैर्यश्च जीवति', म्हणजे नक्षत्रांवर पोट भरणारा, येतो. हत्ती, घोडे, उंट माणसाळवणाऱ्यांच्या पंगतीला बसवलंय त्याला. वराहमिहिर सहाव्या शतकातला. तो बृहत्संहितेत शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणवून घेणाऱ्याला 'नक्षत्रसूचक' म्हणतो आणि ती शिवीच आहे. नक्षत्रदर्शपासून नक्षत्रसूचकापर्यंत घसरण झाली ती बघण्यामुळे नव्हे. न बघताच सांगायला लागल्यामुळे झाली.

जोशीबुवा:
म्हणून तर म्हणतो, ज्योतिषी हा शब्द सोडू नका. ज्योती म्हणजे आकाशातले तेजस्वी गोल, त्यांचं शास्त्र ते ज्योतिष. गणित, संहिता, होरा असे त्याचे तीन स्कंध, म्हणजे शाखा, भविष्य हा त्यातला एक भाग. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ग्रंथ छापला त्याचं नाव 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास'. त्यात वेदांग आहे, सिद्धांत आहेत, पंचांगं आहेत, वेधयंत्रं आहेत. तेव्हा ज्योतिषशास्त्र म्हटल्यावर कोणी पत्रिका काढून उभं राहत नव्हतं. माझं आडनावही ज्योतिषीवरूनच आलंय. शब्द आपला आहे, तो आपण परत घ्यावा.

सुहास_कळवा:
काका, आदर आहे, पण सहमत नाही. शब्द कोणाचा हे शब्दाच्या उगमावर नसतं, आज दार कोण वाजवतं त्यावर असतं. ताईंच्या दारात काकू आल्याच ना? 'कुडमुडे जोशी' हा वाक्प्रचार कानात असलेल्या माणसाला तुम्ही तीन स्कंध कुठवर समजावणार?

जोशीबुवा:
तेही खरंच. पण वाईट वाटतं.

डॉ_प्रज्ञा:
थोडं कामाच्या अनुभवावरून लिहिते. मी खगोलशास्त्रात संशोधन करते. दूरदर्शनवर कोणी दुर्बीण घेऊन दिसलं की खाली पट्टी येते, 'खगोलशास्त्रज्ञ'. माझं खरं काम संगणकापुढे चालतं. वर्णपट, आकडे, आलेख. स्वतःचा डोळा दुर्बिणीला लावण्याची वेळ वर्षवर्ष येत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ती रेडिओ दुर्बीण. तिला डोळा लावायची सोयच नाही आणि ती भर दिवसाही काम करते.

त्यामुळे तारे बघणारा म्हणजे आमची धाकटी आवृत्ती, असं समजू नका. ते वेगळं काम आहे. आकाशाची वाट पायाखालची असणारी माणसं मी या गटांत पाहिली आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. नवा तारा उजळला, एखादा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा अचानक मंदावला, हे अशा लोकांना पटकन कळतं, कारण ते रोज तोच तुकडा बघतात. त्यांना स्वतःचा शब्द मिळायलाच हवा.

पाचपाखाडीकर:
कल्याणवाल्यांनी प्रश्न सोडवलाय की मग. सर्पमित्र, पक्षीमित्र, तसा आकाशमित्र.

अनघा_ऐरोली:
आकाशमित्र गोड आहे. पण सर्पमित्र सापाला वाचवतो, तो साप त्याच्या उपकाराखाली असतो. आकाशाला आपण कशातून वाचवणार?

मृगशीर्ष:
हॅलोजनमधून.

अनघा_ऐरोली:
हे मात्र पटलं. माझा आक्षेप मागे.

बेलापूरकर:
आमच्या दिवाळे कोळीवाड्यातलं सांगतो. माझा बापूस शिडाच्या होडीवर मोठा झाला, मशीन नंतर आलं. त्याला दोनतीन गोष्टी पक्क्या ठाऊक. एक ध्रुव. हात लांब करून मूठ धरायची, क्षितिजापासून दोन मुठींवर ध्रुव. एका मुठीला साधारण दहा अंश धरा, आपला अक्षांश १९, हिशेब बरोबर बसतो. हे अक्षांशाचं मला शाळेत कळलं, त्याला मुठीतलं ठाऊक होतं. दुसरी गोष्ट तिथी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिसरी पहाटेची चांदणी, म्हणजे शुक्र. ती वर आली की जाळं ओढायला घ्यायचं.

तर ताईंचा प्रश्न मी काल बापसाला विचारला. तारे बघतो त्याला आपल्यात काय म्हणतात? तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "काय म्हनायचं? सगलेच बघायचे." मी विचार करतोय तेव्हापासून. पोहणाऱ्याला आमच्याकडे वेगळं नाव नाही, तसंच हे.

गच्चीवाली:
बेलापूरकर दादा, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांना माझा नमस्कार सांगा.

शब्दखोर:
या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. शब्द नाही याचा अर्थ ती गोष्ट नव्हती असा नसतो. कधीकधी ती इतकी सगळ्यांची असते की नाव द्यायची गरज पडत नाही.

मुरबाडचा_शेतकरी:
नोकरीने कळव्याला, जीव मुरबाडला. आमच्याकडे नक्षत्र म्हणजे पाऊस. मृग लागला, आर्द्रा लागली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती. आजोबा नक्षत्रांवर बोलायला लागले की थांबत नसत, पण वर बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मग ते नक्षत्र बघणारे म्हणायचे की नाही?

मृगशीर्ष:
दादा, यात एक सुंदर गंमत आहे. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. ७-८ जूनला 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृगात शिरला. सूर्याच्या उजेडात ते नक्षत्र त्या दिवसांत दिसतच नाही, सूर्याबरोबर उगवतं आणि मावळतं. मृग बघायचा तर थंडीत. म्हणजे आजोबा जे नक्षत्र मोजत होते ते नेमकं तेव्हा न दिसणारं होतं. वर बघण्यासारखं काही नव्हतंच. पण कोणी तरी आधी शेकडो वर्षं थंडीत बघून ठेवलं, म्हणून जूनमध्ये न बघता सांगता आलं.

मुरबाडचा_शेतकरी:
चाळीस वर्षं हा शब्द वापरतोय. आज कळलं.

प्राची_नौपाडा:
माझी आजी नगरकडची. तिला मृगातले ओळीतले तीन तारे दाखवले की ती 'तिकांडं' म्हणायची. सप्तर्षींना खाटलं, आणि त्यामागचे तीन ते चोर. म्हातारीचं खाटलं चोरायला आलेत अशी गोष्ट सांगायची. तिला सप्तर्षी शब्द येत होता, पण तो पोथीत. आकाशात खाटलंच.

शब्दखोर:
प्राची, तिकांडं! ऐतरेय ब्राह्मणात मृगाची गोष्ट आहे. प्रजापती मृगाचं रूप घेऊन पळतो आणि त्याला बाण लागतो, तो बाण आकाशात राहतो. त्या बाणाला तिथे 'इषुस्त्रिकाण्डा' म्हटलंय, तीन कांडांचा बाण. त्रिकांडा ते तिकांडं. आजीच्या तोंडी तोच शब्द होता, मधल्या कुठल्याही पुस्तकाची मदत न घेता.

प्राची_नौपाडा:
आईला आत्ताच फोन करून सांगितलं. ती रडायला लागली. आजी जाऊन सहा वर्षं झाली.

पाचपाखाडीकर:
थोडं अवांतर. खग म्हणजे पक्षी हे शाळेत शिकलो. पण ख म्हणजे आकाश, ग म्हणजे जाणारा. जुन्या ज्योतिषग्रंथांत ग्रहालाही खग म्हणतात. म्हणजे 'खगनिरीक्षक' अशी पाटी लावली तर ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी बघणारे आणि तुम्ही, एकाच पाटीखाली मावाल. सकाळी ते बसतील, रात्री तुम्ही.

अनघा_ऐरोली:
चटया त्याच चालतील.

जोशीबुवा:
निरीक्षक शब्दाला मात्र माझा विरोध. पोलीस निरीक्षक, आरोग्य निरीक्षक. काही तरी चुकलेलं शोधायला आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा 'वेध' बघा. वेध म्हणजे टोचणं, भेदणं. नजरेने ताऱ्याला नेमकं भेदायचं, म्हणून वेध घेणं, वेधशाळा. आणि त्याच शब्दाचं दुसरं अंग, 'वेध लागणे'. ग्रहणाच्या आधी वेध लागतात, आणि माहेरचे, सुट्टीचे, पंढरीचेही वेध लागतात. ज्याला वेध लागलेत आणि जो वेध घेतो, दोघांना एकच शब्द. मी तर म्हणतो गटाचं नाव 'वेध' ठेवा.

सुहास_कळवा:
काका, हे मात्र एकदम मान्य. अडचण एवढीच की वेधशाळा म्हटलं की आज लोक पाऊस विचारतात.

जोशीबुवा:
कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. सुरुवात तारे आणि वेळ यांच्यासाठीच झाली होती. मग चुंबकत्वाची मोजमापं आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला गेली. कुलाब्याला राहिलं हवामान. आपल्याला वेधशाळा म्हणजे 'पुढील चोवीस तासांत' एवढंच उरलं.

डॉ_प्रज्ञा:
विजेमुळे वेधशाळा गावाबाहेर गेली, आणि आता विजेच्याच दिव्यांमुळे आपण वांगणीला जातो.

नवी_मुंबईकर२:
इतका खल कशाला? स्टारगेझर म्हणा. मुलांना लगेच कळतं.

गच्चीवाली:
कळतं, मान्य. पण माझ्या लेकीने सुंदर मराठी अक्षरात पाटी लिहायची म्हणून बोरू आणलाय. आणि काकूंना तो कळणार नाही. मला आता काकूंना कळेल असाच शब्द हवाय.

शब्दखोर:
मग त्यांनाच विचारा ना.

गच्चीवाली:
धागा वर काढतेय, कारण विचारायला गेले आणि भलतंच झालं.

परवा रात्री काकूंना गच्चीवर घेऊन गेले. नातवाचं नक्षत्र कोणतं, विचारलं. म्हणाल्या रोहिणी. वृषभ रास, रोहिणी नक्षत्र, दुसरा चरण, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, बघायचीय का? त्यांना कळेना मी काय म्हणतेय. फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास रोहिणी जवळजवळ डोक्यावर असते, किंचित पश्चिमेला कललेली. मान दुखते म्हणून त्यांना चटईवर आडवं केलं, उशी दिली. गच्चीचा दिवा बंद केला. दहा-पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा मारल्या, कारण अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. मग आधी मृगाची तीन ठसठशीत टिकल्यांची ओळ दाखवली. ती तशीच वर पश्चिमेकडे वाढवत न्यायची, की एक तांबूस तारा येतो. तीच रोहिणी.

काकू खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही खरीच असते होय गं?" सत्तर वर्षं नक्षत्र शब्द उच्चारला, बारशाला, मुंजीला, लग्नाला. पण ते वर आहे, लाल आहे, बोट दाखवता येतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. नातू जन्मला तेव्हा चंद्र तिथे होता, इतकाच त्याचा अर्थ, हे सांगितल्यावर त्या पुन्हा पुन्हा तिकडे बघत राहिल्या. आता त्यांना त्यांचं स्वतःचं बघायचंय. ते आहे अनुराधा. म्हटलं, त्यासाठी पहाटे उठावं लागेल. म्हणाल्या, उठते की.

जोशीबुवा:
ताई, मी वर 'वाईट वाटतं' लिहिलं होतं. ते मागे घेतो.

मृगशीर्ष:
पुढच्या वेळी त्यांना अरुंधती दाखवा. लग्नात सगळ्यांना दाखवतात आणि बहुतेकांना भटजी दाखवतील तिकडे मान हलवायची एवढंच ठाऊक असतं. खाटल्याच्या मागचा मधला चोर तो वसिष्ठ, त्याला चिकटून अगदी बारीक ती अरुंधती. आधी मोठा तारा दाखवायचा, मग बारीक, म्हणून तर स्थूलारुंधती न्याय. सध्या सप्तर्षी साडेदहानंतर ईशान्येला नीट वर येतात.

आणि नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य तारा चुकवू नका. ठाण्यातून तो जास्तीत जास्त अठरा अंश वर चढतो आणि समोर उत्तरेला ध्रुव एकोणीस अंशांवर. बेलापूरकरांच्या बाबांच्या दोन मुठी दोन्ही बाजूंना. आपल्याच गावाला मिळालेली गोष्ट आहे ही.

बेलापूरकर:
बापूस पहिल्यांदा स्वतःहून विचारतोय, त्या बाईने पाटीवर काय लिहिलं?

गच्चीवाली:
दादा, ठरलं. दीक्षितांचा उल्लेख झाला तेव्हा लेकीने त्यांचं आणखी एक पुस्तक शोधून काढलं, सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं 'ज्योतिर्विलास'. त्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. तिला ते इतकं आवडलं की पाटीवर तेच आलंय. मोठ्या अक्षरात 'रात्रीची दोन घटका मौज', खाली 'शनिवारी साडेआठला गच्चीवर तारे बघायला या'. आम्ही कोण आहोत ते लिहिलंच नाही. तरी गटाचं नाव काय, कोणी विचारलं तर मी नक्षत्रदर्शी सांगणार आहे. काकू 'तारे बघणारी मंडळी' म्हणतात. दोन्ही चालू राहू देत.

सुहास_कळवा:
दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. त्यातली पंधरा डोळे सरावण्यात गेली. वेळ वाढवा ताई.

गच्चीवाली:
वाढवलीय, साडेअकरापर्यंत, अरुंधतीसाठी. एकच अडलंय. शेजारच्या टॉवरच्या पार्किंगचा हॅलोजन थेट आमच्या ईशान्येला येतो. तीन तास बंद ठेवा म्हणून त्यांच्याकडे कोणी तरी जायला हवं. पाचपाखाडीकर, तुमचा मेहुणा त्याच टॉवरमध्ये ना?

पाचपाखाडीकर:
हो. आज संध्याकाळी बोलतो. त्यालाही घेऊन येतो, चटई त्याची.